एकच शब्द, पण धंद्यागणिक वेगळा: 'पिच'चे अर्थ ओळखायचे कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लाकूड कापायच्या चेनसॉचं माहितीपुस्तक तुम्ही मराठीत आणता आहात. पहिल्याच तक्त्यात 'साखळी : पिच ०.३२५ इंच' अशी नोंद आहे, आणि पुढे देखभालीच्या प्रकरणात 'काम संपल्यावर साखळीवरचा पिच साफ करा' असं वाक्य आहे. कोशात बघून तुम्ही दोन्हीकडे 'अंतराल' घातलं आणि दुसऱ्या वाक्यापाशी अडलात, कारण अंतराल कुणी पुसून काढत नाही. म्हणून विचारता आहात की या शब्दाचे अर्थ आहेत तरी किती, सगळीकडे चालेल असा एक मराठी शब्द ठरवता येईल का, आणि त्या धंद्यात न वाढलेल्या माणसाने नेमका अर्थ पकडायचा कसा.

मी आठ वर्षं लेथवर काम केलं आणि त्यानंतरची बावीस वर्षं यंत्रांची माहितीपुस्तकं मराठीत आणतो आहे. या एका शब्दाने मला जितकं शिकवलं तितकं क्वचितच दुसऱ्या कुठल्या शब्दाने शिकवलं असेल. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी मुळाशी जाऊ. इंग्रजीत पिच नावाचे दोन वेगळे शब्द आहेत. लिहायला, उच्चारायला सारखे, पण नात्याने परके. एक आला लॅटिनमधल्या 'पिक्स'वरून. तो काळा, चिकट पदार्थ: झाडाची राळ किंवा कोळशाचं डांबर आटवल्यावर तळाशी उरतो तो गाळ. दुसरा मध्ययुगीन इंग्रजीतला, मूळ अर्थ रोवणे, ठोकणे, घट्ट बसवणे. तुमच्या पुस्तकात हे दोघे एकाच साखळीवर येऊन बसले आहेत, म्हणून घोटाळा झाला. तुमची चूक एवढीच की तुम्ही दोघांना एक समजलात.

रोवण्याचा अर्थ समजायला क्रिकेटसारखं उदाहरण नाही. स्टंप जमिनीत रोवायचे या क्रियेला इंग्रजीत पिच करणं म्हणतात, आणि जिथे ते रोवले त्या पट्ट्यालाच पुढे पिच हे नाव पडलं. आपली 'खेळपट्टी' याच एका अर्थाला चिकटून आहे. तिची लांबी २२ यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर, रुंदी १० फूट, म्हणजे ३.०५ मीटर. हे २२ यार्ड म्हणजे जमीनमोजणीची एक साखळी. एडमंड गंटर यांनी १६२० च्या सुमारास रूढ केलेली ६६ फुटांची साखळी आणि खेळपट्टीची लांबी अगदी एक आहे. आता त्याच खेळात चेंडू 'लेगच्या बाहेर पिच झाला' असं समालोचक म्हणतो तेव्हा खेळपट्टीचा संबंध नसतो. तिथे पिच म्हणजे टप्पा. बेसबॉलमध्ये तर चेंडू टप्पा न खाता फलंदाजाकडे जातो आणि त्या फेकीलाच पिच म्हणतात. ब्रिटनमध्ये फुटबॉलचं अख्खं मैदान पिच असतं. म्हणजे खेळांच्या पानांवरच पट्टा, टप्पा, फेक आणि मैदान असे चार मराठी शब्द लागले.

रोवण्या-बसवण्याचाच अर्थ मातीच्या धरणावर जिवंत दिसतो. धरणाच्या पाण्याकडच्या उतारावर लाटांनी माती खचू नये म्हणून दगड हाताने एकमेकांत घट्ट बसवतात, मधल्या फटी चिपांनी ठासतात. त्याला कामावरचे सगळे 'पिचिंग' म्हणतात. मराठी मजकुरातही मी 'दगडी पिचिंग' असंच ठेवतो. ज्या मुकादमाने ते वाचायचं आहे त्याच्या तोंडी तोच शब्द आहे. मी नवा घडवला तर त्याला माझ्याकडे अर्थ विचारायला यावं लागेल. तंबू ठोकणं हाही पिच, आणि कड्यावर चढणारे एका आधारापासून पुढच्या आधारापर्यंतच्या दोरभर टप्प्याला पिच म्हणतात तेही याच घरातलं.

आता कारखान्यात या. इथे पिच म्हणजे एकासारख्या एक येणाऱ्या खुणांमधलं अंतर, आणि ते नेहमी एका खुणेच्या मध्यापासून पुढच्या खुणेच्या मध्यापर्यंत, किंवा एका टोकापासून पुढच्या तशाच टोकापर्यंत मोजायचं. मधली मोकळी फट म्हणजे पिच नव्हे. हे वाक्य मी दर नव्या अनुवादकाला लिहून देतो. 'दोन दातांमधली जागा' असं भाषांतर झालं की वाचणारा फट मोजतो आणि माप चुकतं.

सर्वांत नेहमीचं उदाहरण आट्यांचं. दहा मिलिमीटर व्यासाचा बोल्ट घ्या. त्याचा सर्रास मिळणारा, जाड आट्यांचा पिच १.५ मिलिमीटर, बारीक आट्यांचा १.२५, आणि त्याहून बारीक १ मिलिमीटरचाही मिळतो. तिन्ही बोल्ट टेबलावर शेजारी ठेवले तर १.५ आणि १.२५ मधला फरक नवख्याच्या डोळ्याला कळत नाही. दीडच्या बोल्टवर सव्वाचा नट लावून बघा. पहिला वेढा हाताने सुरळीत जातो, दुसऱ्याला जरा जड होतो आणि मग अडतो. जाणता माणूस तिथेच थांबून नट उलटा फिरवतो. नवखा पाना घेतो. पान्याने आणखी अर्धा वेढा बसतो, तोवर आट्यांचे माथे सोललेले असतात आणि नट ना पुढे जातो ना मागे येतो.

माझे उस्ताद पिच गेज वापरायला शिकवत तेव्हा बोल्ट खिडकीकडे धरायला लावत. गेज म्हणजे एका मुठीत बसणारी पोलादी पात्यांची जुडी, प्रत्येक पात्याला ठराविक पिचचे दात. पातं आट्यांवर टेकवायचं आणि पलीकडचा उजेड बघायचा. जुळलं तर उजेडाची रेघही दिसत नाही. नाही जुळलं तर एका टोकाला दात बसतात आणि दुसऱ्या टोकाला अंगावर चढतात. गेज नसेल तर साधी पट्टी पुरते, पण एक आटा मोजायचा नाही, दहा मोजायचे. दीडच्या पिचला दहा अंतरं १५ मिलिमीटर भरतात, सव्वाच्या पिचला साडेबारा. अडीच मिलिमीटरचा फरक कुणालाही दिसतो. दहा अंतरं मोजायला मात्र अकरा माथे लागतात. इथे फार जण फसतात. पन्नास मिलिमीटर पिचने दहा भोकं पाडायची असतील तर पहिल्यापासून शेवटच्या भोकाच्या मध्यापर्यंत ४५० मिलिमीटर होतात, ५०० नव्हे.

आकड्याची दिशा उलटी होते तो खरा धोका. मिलिमीटरमध्ये आकडा मोठा म्हणजे आटा जाड. इंची पद्धतीत मात्र पिच थेट लिहीत नाहीत, एका इंचात किती आटे बसतात ते लिहितात, आणि तिथे आकडा मोठा म्हणजे आटा बारीक. बोलताना कारागीर दोन्हीला पिचच म्हणतो: 'दीडचा पिच' आणि 'बाराचा पिच'. अर्धा इंची बोल्ट जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेल्या प्रमाणाचा असेल तर इंचाला १२ आटे, अमेरिकी जाड आट्यांचा असेल तर १३. शिवाय आट्याचा कोन एकीकडे ५५ अंश, दुसरीकडे ६०. तक्त्यात नुसतं 'पिच १२' दिसलं आणि तुम्ही 'अंतराल १२ मिमी' लिहिलंत, तर तुम्ही असा बोल्ट लिहिलात की जो त्या व्यासात अस्तित्वातच नाही. जुन्या टाइपरायटरचंही असंच: दहा पिच म्हणजे इंचात दहा अक्षरं, बारा पिच म्हणजे इंचात बारा, अर्थात अक्षर लहान.

गिअरमध्ये हा उलटेपणा कळसाला जातो. डायमेट्रल पिच म्हणजे पिच वर्तुळाच्या व्यासाच्या दर इंचाला किती दात. मेट्रिक पद्धतीतलं मोड्यूल म्हणजे त्याच व्यासाचा दर दाताला किती मिलिमीटर वाटा. २५.४ ला या दोन्हींपैकी कुठल्याही एका आकड्याने भागलं की दुसरा मिळतो. डायमेट्रल पिच ८ म्हणजे मोड्यूल ३.१७५. मोड्यूल ३ चा गिअर आणि आठाच्या पिचचा गिअर हातात घेतले तर जुळे भाऊ वाटतात. यंत्रात एकत्र फिरवले की आवाज करतात आणि दात खाऊन टाकतात. त्यातही पिच वर्तुळ हे प्रत्यक्षात कुठे दिसत नाही, बोट ठेवता येत नाही. दाताच्या माथ्याच्या आत आणि मुळाच्या बाहेर कल्पनेने काढलेलं ते वर्तुळ. आणि ज्या चाकाला दात नाहीतच, त्याच्या बोल्टांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळालाही गॅरेजात पीसीडी म्हणतात, म्हणजे पिच सर्कलचा व्यास. चारचाकीच्या चाकावर '४ × १००' लिहिलेलं असतं ते चार बोल्ट आणि १०० मिलिमीटरचं हे वर्तुळ.

पिच आणि लीड यांची गल्लतही नेहमीची. एका वेढ्यात नट जितका पुढे सरकतो तो लीड. एकच आटा गुंडाळलेला असेल तर लीड आणि पिच सारखेच, म्हणून लोक ते एक समजतात. पण पुष्कळ शाईच्या पेनांचं टोपण दीड-दोन वेढ्यांत निघतं, कारण तिथे दोन-तीन आटे शेजारी-शेजारी सुरू झालेले असतात. पिच बारीकच, लीड दुप्पट किंवा तिप्पट.

इलेक्ट्रॉनिक्समध्ये अर्थ हाच, फक्त माप लहान. आयसीच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक चिपच्या, पायांमधला जुना पिच २.५४ मिलिमीटर, म्हणजे इंचाचा दहावा भाग. काही कनेक्टर मात्र नेमक्या २.५० मिलिमीटरचे असतात. दोन-तीन पिना असतील तर एक दुसऱ्यात खुशाल बसतो. दहा पिना असल्या की ०.०४ चा फरक नऊ वेळा साठतो, ०.३६ मिलिमीटर होतो आणि शेवटची पिन भोकाच्या कडेवर आदळते. म्हणून अनुवादात '२.५' असं सुटसुटीत करायचं नाही, छापलं असेल तितके सगळे अंक ठेवायचे. मोठ्या एलईडी पडद्यांवर 'पी १०' लिहितात ते दोन ठिपक्यांमधले १० मिलिमीटर.

मोटार बांधणाऱ्या वाइंडरकडे तर पिचचं एकक मिलिमीटर नाहीच. तो खाचा मोजतो. ३६ खाचांच्या, चार ध्रुवांच्या मोटारीत एका ध्रुवाचा पिच ९ खाचा. तारेच्या गुंडाळीची एक बाजू पहिल्या खाचेत आणि दुसरी नवव्या खाचेत असेल तर वहीत '१–९' लिहितात. अंतर आठ खाचांचं झालं. तरी काही जण तोंडी 'नऊचा पिच' म्हणतात. अशा ठिकाणी मी आकड्याला हात लावत नाही, 'पहिली ते नववी खाच' असं उलगडून लिहितो.

आता ज्या उदाहरणाने मला हा शब्द खऱ्या अर्थाने उमगला ते सांगतो. एक पत्र्याचं छप्पर डोळ्यांसमोर आणा. छपराचा पिच म्हणजे त्याचा चढ: दर १२ इंच आडव्या अंतराला किती इंच उंची. चारास बारा म्हणजे साधारण १८.४ अंश. जुन्या सुतारी हिशोबात मात्र उंचीला पूर्ण गाळ्याने, म्हणजे छपराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतच्या रुंदीने, भागतात, अर्ध्या गाळ्याने नव्हे. तिथला 'पाव पिच' म्हणजे सहास बारा, सुमारे २६.६ अंश, तो कुणी 'चारास एक उतार' असा वाचला तर छप्पर १४ अंशांवर येतं आणि पावसाचं पाणी पत्र्यांच्या जोडात शिरतं. त्याच छपरावरच्या नालीदार पत्र्याचा पिच म्हणजे एका नालीच्या माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचं अंतर, नेहमीच्या पत्र्याला ७६ मिलिमीटर. पत्रा ज्या बोल्टांनी जखडला त्यांच्यामधलं अंतर हाही पिच, आणि त्या प्रत्येक बोल्टच्या आट्यांचा पिच निराळा. एवढ्यावर थांबत नाही. सपाट छपरांवर पाणी अडवायला कोळशाच्या डांबराचा पिच थरांमध्ये ओततात. तो उन्हात मऊ पडून हळूहळू वाहतो आणि बारीक चिरा आपोआप भरून काढतो. पण याच गुणामुळे तो उताराच्या छपरावर टिकत नाही, खाली ओघळतो. म्हणजे इंग्रजीत 'जास्त पिचच्या छपरावर पिच वापरू नये' अशा अर्थाचं वाक्य अगदी बरोबर आणि कामाचं असू शकतं. मराठीत ते 'उतार जास्त असलेल्या छपरावर डांबरी थर देऊ नये' असं आलं की वाचणाऱ्याला क्षणभरही अडायला होत नाही. सगळीकडे चालणारा एक शब्द शोधायचा नाही असं मी का म्हणतो ते या एका वाक्यात आलं.

विमानाचीही गत तशीच. अंगावरच्या रिव्हेटांचा पिच मिलिमीटरमध्ये. नाक वर-खाली होणं हा विमानाचा पिच, अंशांत. पंख्याचा पिच म्हणजे हवा घट्ट असती तर एका फेऱ्यात पंखा जितका पुढे गेला असता ते अंतर. छोट्या विमानांच्या आणि ड्रोनच्या पंख्यावर '१० × ४.५' असतं, त्यातला पहिला आकडा व्यास आणि दुसरा हा पिच, दोन्ही इंचांत. आट्यांचा लीड आठवा, कल्पना तीच. हेलिकॉप्टरमध्ये मात्र पात्याच्या तिरकेपणालाच पिच म्हणतात, आणि वैमानिक तो हाताने बदलत राहतो.

इथे मला माझी एक मोठी चूक सांगायला हवी. कागद गिरणीसाठीचं एक पुस्तक माझ्याकडे आलं होतं, त्यात 'पिच कंट्रोल' असं प्रकरण होतं. त्याच्या थोडं आधी मी पवनचक्कीचं पुस्तक संपवलं होतं. तिथे पिच कंट्रोल म्हणजे पात्याचा कोन बदलणं: वारा फार वाढला की पातं स्वतःच्या लांबीभोवती वळतं आणि वाऱ्याला कड देतं. तेच डोक्यात असल्याने मी कागद गिरणीतही 'कोन-नियंत्रण' लिहिलं आणि पुढच्या वाक्यांना त्यात कसंबसं बसवलं. पुस्तक छपाईला जाण्याआधी गिरणीतल्या एका जुन्या कामगाराने ते वाचलं आणि शांतपणे विचारलं, "साहेब, टाल्क पावडर टाकून कोन कसा बदलतो?" लाकडाचा लगदा होताना त्यातली राळ सुटते, जाळीवर, नमद्यावर, रुळांवर चिकटते, आणि कागदावर डाग किंवा भोकं पडतात. त्या राळेला कागदवाले पिच म्हणतात. टाल्कची पूड घातली की राळेचा चिकटपणा मरतो. 'पिच कंट्रोल' म्हणजे राळेचा बंदोबस्त. मूळ पानावर टाल्क शब्द तीनदा आला होता आणि तरी मी थांबलो नव्हतो. तेव्हापासून एक सवय लावून घेतली: ज्या शब्दाचा अर्थ माहीत आहे असं वाटतं, त्याच्या आजूबाजूची पाच वाक्यं वाचल्याशिवाय तो लिहायचा नाही. याच दोन शब्दांची कळ डीजेच्या तबकडीवरही असते. तिथे तबकडीचा वेग काही टक्के कमी-जास्त होतो आणि त्याबरोबर स्वर चढतो-उतरतो.

स्वराचा पिच मोजपट्टीने मोजता येत नाही. कंपनसंख्या यंत्राला कळते, पिच कानाला जाणवतो. दोन्ही जवळचे, पण एक नव्हेत. कंपनसंख्या दुप्पट झाली की स्वर एक सप्तक वर जातो. फ्रान्सने १८५९ मध्ये 'ए' या स्वराची कंपनसंख्या ४३५ ठरवली. आज जगभर वापरतात ती ४४०, आणि ती १९७५ च्या 'आयएसओ १६' या मानकात नोंदलेली आहे. मराठीत या अर्थाला शब्दांचा तोटा नाही. शाळेच्या पुस्तकात 'उच्चनीचता', कोशात 'तारता', आणि गाणाऱ्यांच्या बोलण्यात 'पट्टी'. 'माझी पट्टी काळी एक' असं गायक म्हणतो तेव्हा पेटीच्या सप्तकातली पहिली काळी कळ त्याचा षड्ज असते. त्याच हिशोबात ४४० चा 'ए' म्हणजे पांढरी सहा. ध्वनिमुद्रणाच्या अॅपमध्ये 'पिच बदला' असं बटण असेल तर मी 'पट्टी बदला' लिहितो, भौतिकशास्त्राच्या पाठात 'उच्चनीचता', आणि 'अंतराल' कधीच नाही, कारण संगीतात अंतराल म्हणजे दोन स्वरांमधलं अंतर आणि ती अगदीच वेगळी गोष्ट आहे.

काळ्या पिचकडे वळतो, कारण तुमचं अडलेलं वाक्य तिथलं आहे. लाकडी जहाजांच्या फळ्यांच्या फटी याने बुजवत. धातूवर नक्षी ठोकणारे कारागीर पत्रा याच्या थरावर बसवतात: ठोका बसला की पिच खालून दबतो, पण पत्र्याचा आधार सोडत नाही, म्हणून उठाव फाटत नाही. दुर्बिणीचे आरसे घासणारे शेवटची झिलई पिचच्या चकतीवर देतात. अॅल्युमिनियम वितळवणाऱ्या कारखान्यात कार्बनचे अॅनोड बांधून ठेवतो तो डांबराचा पिचच. युरेनियमच्या एका खनिजाला पिचब्लेंड हे नाव त्याच्या डांबरासारख्या काळ्या झळाळीवरून मिळालं; त्यात १७८९ मध्ये क्लाप्रोट यांना युरेनियम सापडलं आणि १८९८ मध्ये क्युरी दांपत्याला पोलोनियम आणि रेडियम.

हा पदार्थ घन आहे की द्रव, हे बघण्यासारखं आहे. हातोडीने ठोकला तर काचेसारखा फुटतो. तरीही तो वाहतो. क्वीन्सलंड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी १९२७ मध्ये गरम पिच फनेलमध्ये ओतला, तीन वर्षं बसू दिला आणि १९३० मध्ये फनेलची नळी खालून कापून मोकळी केली. तेव्हापासून २०१४ पर्यंत त्यातून नऊ थेंब पडले. चौऱ्याऐंशी वर्षांत नऊ. छपरावरचा डांबरी थर उतारावरून का ओघळतो हे यानंतर वेगळं समजवावं लागत नाही.

कंपन्यांचं 'पिच', म्हणजे गुंतवणूकदारापुढे किंवा गिऱ्हाइकापुढे आपला प्रस्ताव मांडणं, याबद्दल फार लिहीत नाही. संदर्भ लगेच कळतो आणि 'प्रस्ताव', 'मांडणी' हे शब्द पुरतात.

आता ओळखायचं कसं. मी आकड्यापुढचं एकक आधी बघतो. मिलिमीटर किंवा इंच असेल तर अंतर. अंश किंवा अमुकास तमुक असं गुणोत्तर असेल तर कल किंवा उतार. हर्ट्झ असेल तर स्वर. लिटर, किलो, तापमान किंवा एखादं विद्रावक जवळपास असेल तर डांबर किंवा राळ. एकक नसलेला नुसता पूर्णांक दिसला की सावध व्हायचं, कारण तो बहुतेक 'इंचात किती' किंवा 'किती खाचा' असा असतो. त्यानंतर शब्दासोबतची क्रियापदं. मोजा, जुळवा, तपासा ही मापाची क्रियापदं. पुसा, खरवडा, वितळवा ही पदार्थाची. वाढवा, कमी करा ही कोनाची किंवा स्वराची. एवढं करूनही शंका उरली तर चित्र मागवा. चित्रात बाणाची दोन टोकं कुठे टेकली आहेत ते दिसलं की कोशाची गरज राहत नाही. चित्र देत नाहीत अशी गिऱ्हाइकं भेटतात. त्यांना मी शंका लेखी पाठवतो आणि उत्तर येईपर्यंत ती ओळ रिकामी ठेवतो. अंदाजाने भरलेली ओळ कुणाच्या लक्षात येत नाही, रिकामी ओळ सगळ्यांच्या येते.

मराठी शब्द निवडताना वाचणारा कोण हे बघा. आट्यांसाठी, साखळीसाठी, गिअरसाठी कारागीर 'पिच' म्हणतो. तिथे मी 'पिच' ठेवतो आणि पहिल्यांदा येईल तिथे तो कुठून कुठपर्यंत मोजायचा ते एका वाक्यात सांगतो. 'अंतराल' परीक्षेच्या पुस्तकात ठीक आहे, पाना हातात असलेल्या माणसाला तो उपयोगाचा नाही.

तुमच्या चेनसॉकडे येऊ. या साखळीची एक खोड आहे: तिच्या रिव्हेटांमधली अंतरं एकसारखी नसतात, एक कमी, एक जास्त अशी येतात. म्हणून सलग तीन रिव्हेटांपैकी पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंत मोजायचं आणि निम्मं करायचं. सायकलच्या साखळीत दोन पिनांमधले १२.७ मिलिमीटर थेट पिच म्हणून चालतात, इथे तसं केलं तर चुकीची साखळी घरी येईल. तक्त्यात मी असं लिहीन: 'साखळीचा पिच : ०.३२५ इंच (८.२५५ मिमी). सलग तीन रिव्हेटांपैकी पहिल्या आणि तिसऱ्याच्या मध्यांतल्या अंतराच्या निम्मा.' बाजारात ३/८ इंच पिचच्याही साखळ्या असतात, म्हणजे ९.५२५ मिलिमीटर; त्या ०.३२५ च्या दातेरी चाकावर चालत नाहीत, हे मूळ पुस्तकात कुठे आहे का बघा आणि असेल तर ते वाक्य ठळक करायला सांगा.

देखभालीतलं वाक्य: 'काम संपल्यावर साखळीवर चिकटलेली लाकडाची राळ साफ करा.' चीड-देवदारासारखं रसाळ लाकूड कापल्यावर साखळीवर, खाचेत आणि दातांच्या बुडाशी तपकिरी, चिकट थर बसतो. लाकडाचा भुसा त्यात अडकतो, वंगण आत पोचत नाही आणि साखळी तापते. ते वाक्य तिथे आहे ते यासाठी. 'चीक' लिहू नका, चीक ओला असतो आणि इथे तो वाळून घट्ट झालेला आहे. त्याच प्रकरणात पुढे साखळीचे दात घासायचा भाग येईल. तिथे कानशीच्या व्यासाचा तक्ता साखळीच्या पिचप्रमाणे दिलेला असतो, म्हणजे राळेच्या वाक्यानंतर दोन-चार ओळींतच पिच पुन्हा मापाच्या अर्थाने येईल. तिथे 'पिच'च ठेवा.